पाच थाऊचं भांडण

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी निखिल रेंजवरून परतला तो तोंड पाडूनच. आमच्याकडे, म्हणजे पेनसिल्व्हेनियात, रायफलीने हरणं मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याला दोन आठवडे उरले होते. निखिलने घरी भरलेल्या पन्नास काडतुसांपैकी बरीचशी रायफलीत जायलाच तयार नव्हती.

बाबा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आले होते. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत उभा जन्म तपासणी विभागात काढलेला माणूस. अमेरिकेत जावई गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायलाच स्वतंत्र परवाना लागतो आणि इथे धुलाई मशीनच्या शेजारी लाल रंगाचा प्रेस बसवलेला. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नव्हतं. फक्त गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. त्या रविवारी टाकलं.

पुढचं संभाषण मी स्टुलावर बसून, मटार सोलत ऐकलं. दोघांचं नेमकं कशावरून फाटतंय, हे कळायला मला अर्धा किलो मटार लागला.

"काय होतंय नक्की?" बाबांनी विचारलं.

"बोल्ट पुढे जातो, पण हँडल खाली बसत नाही. अर्ध्यावर अडतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

निखिल जरा घुटमळला. "तळहाताने एक ठोसा दिला. एक बसलं. दुसरं नाही बसलं, ते ओढून काढावं लागलं."

"निखिलराव," बाबा म्हणाले. ते राव लावतात तेव्हा मी लहानपणापासून सावध होते. "जिवंत काडतूस नळीत अडकलंय आणि तुम्ही त्याला ठोसा देताय? ते निघालंच नसतं तर?"

"तोंड टार्गेटकडेच होतं, बाबा."

"तोंड टार्गेटकडे होतं म्हणून मी अजून बसून बोलतोय. अडकलं तर ठोकायचं नाही, दिशा सोडायची नाही, आणि हाताला सहज येत नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचं. आणि एक सांगून ठेवतो, या गॅरेजमध्ये भरलेलं एकही काडतूस त्या रायफलीत जाणार नाही. तपासायचं ते रिकाम्यावर."

ही अट निखिलला पटली. भरलेला डबा त्याने लांबच्या कपाटात ठेवला. मग बोल्ट काढून त्यातली फायरिंग पिन सोडवली आणि पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टरही काढला. पिनेची स्प्रिंग नसली की हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडतं, त्यामुळे चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, कुठे किंचित घासलं तरी हाताला कळतं. बाबांना हे नवीन होतं. त्यांनी बोल्ट दोनदा वर-खाली करून पाहिला. बोलले नाहीत, पण चष्मा पुसला.

इथे काडतुसाच्या देहाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर आहे. पितळेची ती नळकांडी म्हणजे पुंगळी. तिला खाली बूड, वर जाड पोट, मग उतरता खांदा, त्यावर बारीक मान आणि शेवटी तोंड. तोंडात गोळी बसवलेली, बुडात दारू पेटवणारी टोपी. निखिलची रायफल .३०८ विंचेस्टरची. हे काडतूस १९५२ साली बाजारात आलं, आणि त्याचंच लष्करी भावंड, ७.६२ बाय ५१, बाबांच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलेलं. दोघांची बाहेरची मापं जवळजवळ सारखी. अशा काडतुसाचा पुढचा थांबा म्हणजे खांदा. चेंबरच्या उतारावर तो टेकला की काडतूस थांबतं आणि मागून बोल्ट बुडाला भिडतो. जुन्या थ्री नॉट थ्रीचं तसं नाही. तिच्या बुडाला बाहेर आलेला कंगोरा असतो आणि काडतूस त्या कंगोऱ्यावर थांबतं, खांदा थोडा पुढेमागे असला तरी तिचं काही अडत नाही.

"आता सांगा," बाबा म्हणाले, "अडतंय कुठे? अंदाज नको."

"माझा अंदाज गोळी. जास्त बाहेर राहिली असेल तर नळीतल्या चरांना टेकत असेल."

"अंदाज नको म्हटलं ना."

निखिलने तो रागही गिळला. हिशेब असा निघाला: पन्नासपैकी वीस पुंगळ्या त्याच्या स्वतःच्या रायफलीत पूर्वी उडालेल्या. उरलेल्या तीस त्याला क्लबमधल्या कुणीतरी दिलेल्या, दुसऱ्याच रायफलीत किती वेळा उडाल्या होत्या देव जाणे. रेंजवर अडलेली सगळी या तीसमधली. आणि त्याच क्लबवाल्या ढिगातल्या दहा पुंगळ्या साइझ करून, म्हणजे प्रेसवरच्या डायमध्ये दाबून मापात आणून, पण न भरता, बाटलीत ठेवलेल्या होत्या.

"मग काम सोपं आहे," बाबा म्हणाले. "रिकामी पुंगळी घाला. गोळीच नाही, तर गोळीचा दोषही नाही."

घातली. हँडल अर्ध्यावर अडलं. दुसरी, तिसरी, तशीच. मग निखिलच्या स्वतःच्या रिकाम्या पुंगळ्यांपैकी एक घातली. हँडल लोण्यातून सुरी जावी तसं खाली पडलं.

गोळी संशयातून सुटली. लांबी राहिली. पुंगळीचं तोंड लांब झालं असेल तर ते चेंबरच्या टोकाला जाऊन गोळीभोवती आवळलं जातं. "आणि ते फार वाईट," बाबा मधेच माझ्याकडे वळून म्हणाले. "गोळी सुटायला जागा मिळत नाही, आतला दाब एकदम चढतो." मला हे का सांगत होते कोण जाणे. बहुतेक जावयाला थेट सांगायचं नव्हतं. निखिलने व्हर्नियर लावला. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच. त्या दहा पुंगळ्या २.००६ पासून २.०१३ पर्यंत होत्या.

"मर्यादेत आहेत सगळ्या," निखिल म्हणाला.

"हं," बाबा म्हणाले. तो 'हं' मी लक्षात ठेवला.

मग निखिलने काळं मार्कर घेतलं आणि एका पुंगळीचा खांदा, मान, पोट सगळं काळं केलं. सुकल्यावर चेंबरमध्ये घालून हँडल अडेपर्यंतच फिरवलं आणि काढलं. काळ्या खांद्यावर एक गोल चकचकीत पट्टा उमटला होता. घासलेलं पितळ तेवढंच उघडं.

"खांदा," दोघं एकदमच म्हणाले, आणि त्या दुपारी तेवढ्या एकाच वाक्यावर त्यांचं जमलं.

किती? निखिलकडे व्हर्नियरला लावायचं एक छोटं साधन आहे, ते खांद्यावर ठराविक जागी टेकतं आणि बुडापासूनचं अंतर सांगतं. त्याच्या रायफलीत उडून तिच्या चेंबरच्या मापाची झालेली पुंगळी आणि ही क्लबवाली, यांत पाच थाऊचा फरक निघाला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुण्याच्या कुठल्याही वर्कशॉपात विचारा, सूत आणि थाऊ याशिवाय गप्पा होत नाहीत. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड. म्हणजे दोन केसही नाहीत.

आणि इथून खरा वाद पेटला.

"डाय नीट लावली नाहीत," बाबा म्हणाले. "पुंगळी पूर्ण आत ढकला, डाय प्रेसच्या ठोकळ्याला टेकेपर्यंत. खांदा मापात आला की कुठल्याही .३०८ मध्ये जाईल."

"मला कुठल्याही .३०८ मध्ये घालायचीच नाहीत, बाबा. याच एका रायफलीत घालायची आहेत. म्हणून मी डाय मोजून लावली. खांदा माझ्या चेंबरपेक्षा फक्त दोन थाऊ मागे. जास्त मागे ढकलला तर बार उडताना पुंगळी पुढे ताणली जाते, पुढच्या वेळी मी परत मागे ढकलतो, ती परत ताणली जाते. चार-पाच वेळा असं झालं की बुडाच्या जरा वर पितळ पातळ होतं. बाहेरून एक चकचकीत कडी दिसते आणि एक दिवस पुंगळी तिथूनच तुटते."

"तुम्हाला पाच-पाच वेळा वापरायच्या आहेत म्हणून. आम्ही एकदाच वापरतो."

"तुमचं सगळं सरकारी आहे."

"सरकारी नाही, निखिलराव. सैनिकाचं आहे." बाबांचा आवाज चढला नव्हता, पण ते उभे राहिले. "रात्री बर्फात कुणीतरी पेटी फोडतो, हाताला येईल ते काडतूस मॅगझिनमध्ये भरतो. ती बंदूक ईशापूरला बनलेली, काडतूस खडकीचं नाहीतर वरणगावचं. बनवणाऱ्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. तरी ते जायला हवं. पहिल्याच झटक्यात. त्यासाठी माप लागतं. 'माझ्या रायफलीपुरतं' हे माप नाही, ती सवय आहे."

निखिल क्षणभर गप्प राहिला. मग त्याने फोनवर एक नकाशा काढला. अमेरिकेतल्या काडतूस आणि बंदूक बनवणाऱ्यांची १९२६ सालची एक संस्था आहे, तिने .३०८ चं ठरवलेलं रेखाचित्र. "हे बघा तुमचं माप. बुडापासून खांद्यापर्यंत काडतूस जास्तीत जास्त १.६३४ इंच. आणि चेंबर कमीत कमी १.६३०. म्हणजे सर्वांत लांब काडतूस सर्वांत आखूड चेंबरपेक्षा चार थाऊ मोठं असलं तरी दोन्ही कागदावर पास. मग हे 'कुठलंही कुठल्याही' कसं?"

बाबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मला वाटलं आता अडकले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बोल्ट बंद होताना पेचासारखा दाबत जातो. नवीन पितळ खांद्याला मऊ असतं, तेवढं चार थाऊ दबून जातं, हाताला कळतही नाही. तुमच्या क्लबवाल्याचं पितळ दबत का नाही, हा खरा प्रश्न आहे." त्यांनी एक पुंगळी नखावर टिचकावून पाहिली. त्यातून काय कळलं हे मला अजून माहीत नाही. "तांबट आळीत लहानपणी पाहिलंय ना तू?" हा प्रश्न मला. "मठारतात तेव्हा काय होतं?"

"भांडं कडक होतं."

"कडक होतं. आणि परत तापवलं की मऊ पडतं. हे काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. दर वेळी बार उडाला की फुगतं, डायमध्ये घातलं की दबतं. ही मठारणीच झाली. इतकं मठारलेलं पितळ डायमधून बाहेर आलं की चिमट्यासारखं परत उघडतं. तुम्ही डाय लावलीत तुमच्या मऊ पुंगळ्यांवर आणि चालवलीत या कडक पुंगळ्यांवर. डाय तीच, पण माल वेगळा."

यावर निखिलकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं तिथे बाबा जिंकले, पण स्वतःच्या मुद्द्यावर नाही, निखिलच्या मुद्द्यावर. मापाचं शिवायचं तर माप आणि कापड दोन्ही आपलं हवं. यांनी अंगाचं माप घरचं घेतलं आणि कापड शेजारच्याचं आणलं. ब्लाउज शिवून घेणाऱ्या कुठल्याही बाईने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही.

मग हिशेब. डायच्या आट्यांची गणती इंचाला १४, म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाऊ. पाच थाऊ अडतात ते, अधिक दोन थाऊ मोकळीक, सात. बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला: एक दशांश फेरा. निखिलने डायवर पेन्सिलीने खूण केली आणि तेवढी खाली घेतली. पुंगळी साइझ केली, मोजली, चार थाऊच हलली होती. कडक पितळ तेवढ्यावरही पूर्ण वाकेना. आणखी केसभर फिरवली. मग मात्र रिकामी पुंगळी घातल्यावर हँडल आपोआप खाली पडलं. दहाच्या दहा.

मी मटार कुकरला लावून परत आले तेव्हा दोघं चहाच्या कपांवरून एकमेकांकडे बघत होते. प्रश्न सुटला होता, म्हणून मी जेवायचं विचारलं.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. "गोळी बसवून बघा. दारू नाही, टोपी नाही. नुसती डमी."

"कशाला? झालं ना."

"रायफलीत रिकामी पुंगळी घालणार आहात का शिकारीला?"

निखिलने पाच पुंगळ्यांत गोळ्या बसवल्या. तीन गेल्या, दोन अडल्या.

त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बाबांचाही, कारण त्यांनी मघाशी सगळ्या पुंगळ्या एका तपासणी गेजमध्ये टाकायला लावल्या होत्या. पोलादाची ती एक नळी असते, पुंगळी तिच्यात सोडायची, बूड पायरीच्या आत बसलं की पास. आता अडलेल्या दोन्ही डमी त्यांनी स्वतः गेजमध्ये टाकल्या. दोन्ही टप्पकन आत. पास. त्याच रायफलीत घातल्या, नापास.

"गेज पास म्हणतंय," निखिल म्हणाला. जरा मजेनेच.

बाबा बराच वेळ गेज उजेडाकडे धरून आत बघत राहिले. "हे गेज लांबी बघतं आणि खांद्याची जागा बघतं," शेवटी म्हणाले. "पोटाचा घेर बघत नाही, आतून मोकळं कापलंय. आमच्याकडे एका काडतुसाला एवढी गेज का असायची, माहिती आहे? प्रत्येक गेज एकच प्रश्न विचारतं. याला आपण दुसरा प्रश्न विचारला."

पुन्हा मार्कर. या वेळी पट्टा खांद्यावर नव्हता. खांदा आणि पोट जिथे मिळतात त्या कडेवर, खालच्या बाजूने. व्हर्नियर लावला तर तिथे पुंगळी तीन थाऊ फुगलेली. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण बोटाच्या नखाने हळूच खाली ओढलं की कुठेतरी नख अडखळायचं. मीही करून पाहिलं.

कारण निखिलच्या लक्षात आलं, आणि आल्याबरोबर त्याने कपाळावर हात मारला. गोळी बसवणारी जी डाय असते, तिच्यात तोंडाशी एक छोटी पायरी असते. ती पुंगळीचं तोंड गोळीवर आत वळवते, म्हणजे गोळी पक्की बसते. त्याने ती पायरी आखूड पुंगळीला जेमतेम लागेल अशी लावली होती. पण पुंगळी सात थाऊ लांब निघाली की पायरी लवकर लागते. तोंड गोळीच्या चरीत अडकतं, प्रेसचा दांडा अजून खाली येत असतो, आणि तो उरलेला जोर जाणार कुठे? मान खाली दबते आणि खांद्याखाली पितळ बाहेर सरकतं.

अडलेल्या दोन पुंगळ्यांची लांबी: २.०१२ आणि २.०१३. गेलेल्या तिघींची: २.००६, २.००६, २.००७.

"मर्यादेत होत्या सगळ्या," बाबा म्हणाले. मघाचा 'हं' आठवला मला.

"होत्या."

"मर्यादेत असणं वेगळं आणि सारखं असणं वेगळं."

"तेच तर मी म्हणतोय दुपारपासून!" निखिल उसळला. "सारखं हवं. मर्यादा तुमची होती."

यावर दोघंही हसले. पण बाबा हसता हसता थोडे मागे पडले, हे मी पाहिलं. कारण खरं होतं ते. कारखान्यात लाखो काडतुसांना एका मर्यादेत कोंबून पुढे जाणं हे त्यांचं आयुष्य. मर्यादेच्या आत कोण कुठे आहे हे विचारायची त्यांना कधी गरज नव्हती, कारण तिथे मर्यादेच्या आतली माणसं आणि यंत्रंही दुसऱ्या कुणीतरी तपासलेली असत. इथे एकच माणूस पुंगळी उचलतो, साइझ करतो, कापतो, भरतो आणि तपासतो. एका टप्प्यावर जे 'चालेल' म्हणून सोडलं ते पुढच्या टप्प्यावर दुसऱ्याच नावाने परत येतं. आणि उलट बाजूने, ठोकून बंद करायची निखिलची घाई आणि 'गोळीच असेल' हा त्याचा तयार अंदाज, या दोन्हींवर उतारा बाबांच्या त्या रूक्ष तपासणीतच होता. मला विचाराल तर मी बाबांच्या बाजूची. पितळ वाचवायला म्हणून जावयाने जे शास्त्र रचलंय ते खरंच आहे, पण चुकून चेंबरमध्ये अडकलेलं एक काडतूस किती पुंगळ्यांच्या मोलाचं, हा हिशेब त्याच्या वहीत नव्हता.

उरला प्रश्न भरलेल्या तीस काडतुसांचा.

"साइझिंग डायची मधली पिन काढली तर भरलेलं काडतूससुद्धा..." निखिलने अर्धंच म्हटलं.

"नाही."

"हळूच..."

"टोपी जिवंत, दारू भरलेली, आणि तुम्ही त्याला प्रेसमध्ये घालून दाबणार? तुमच्या सासूबाईंना मी परत पुण्याला काय तोंड दाखवू?"

तीसच्या तीस उकलली. त्याला एक हातोड्यासारखं साधन असतं, पोकळ डोक्याचं. काडतूस त्यात उलटं अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर आपटायचं, गोळी आणि दारू डोक्यात सुटून येतात. रात्री साडेआठपर्यंत गॅरेजमधून ठक, ठक येत होतं. बाबा मोजत होते. तीस गोळ्या, तीस पुंगळ्या. काढलेली दारू नेमकी कुठल्या जातीची आणि कुठल्या मूळ डब्यातली हे माहीत होतं, तरी बाबांनी ती वेगळ्या बाटलीत ठेवायला लावली आणि वर तारीख लिहिली.

पुढच्या आठवड्यात निखिलने स्वतःच्या वीसही पुंगळ्यांची लांबी परत मोजली, आणि क्लबवाल्या सगळ्या २.००५ वर कापल्या. गोळी बसवणारी डाय वर घेतली, तोंड वळवणं सोडूनच दिलं. बोल्टच्या रायफलीत मानेची पकड चांगली असेल तर त्याची गरज नाही, हे त्याला आधीपासून माहीत होतं. कुणाच्या तरी सल्ल्याने सुरू केलं होतं. कडक पितळाच्या पुंगळ्या त्याने शेवटी भंगारात टाकल्या. बाबांनी त्यातली एक, फुगलेली, ठेवून घ्यायची म्हणून शर्टाच्या खिशात टाकली होती. पुढे ते परत निघाले तेव्हा सामान बांधताना मी ती काढून घेतली. मुंबईच्या विमानतळावर रिकाम्या पुंगळीवरूनही पोलीस चौकशी होते, हे बाबांना सांगावं लागत नाही, पण त्यांच्या खिशाला सांगावं लागतं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी निखिल पहाटे चारला पाच काडतुसं घेऊन गेला. आदल्या रविवारी रेंजवर त्याच लॉटमधली दहा उडवून बघितली होती. संध्याकाळी अंधार पडल्यावर परतला, चिखलाने भरलेला, हात रिकामे.

बाबा दारातच उभे होते. "काय झालं?"

"दिवसभरात एक हरण दिसलं नाही, बाबा."

"मी हरणाचं नाही विचारलं."

निखिलने बूट काढता काढता वर पाहिलं. "बसला. पहिल्याच झटक्यात."

"दुसऱ्याचं काय?"

"दुसरं भरायची वेळच नाही आली."

"मग उद्या रेंजवर जाऊन उरलेली चारही बघून घ्या," बाबा म्हणाले, आणि आत जेवायला गेले.